बांधावरचे लिंबू आणि रोजचे जेवण



आषाढात कोणत्याही बागायती गावात फेरी मारली तर विहिरीच्या कडेला, गोठ्यामागे नाहीतर उसाच्या बांधावर एखादे कागदी लिंबाचे झाड दिसतेच. आणि झाडाखाली चिखलात पडलेली पिवळी लिंबेही दिसतात. ऊस नोंदीच्या निमित्ताने आमचे गावोगाव हिंडणे होते, त्यामुळे हा देखावा दर पावसाळ्यात आमच्या नजरेस पडतो. एकदा एका सभासदाच्या वस्तीवर पाऊस लागला म्हणून थांबलो होतो. सहज बोलून गेलो, "लिंबं वाया चाललीत की!" ते म्हणाले, "आवो, आता कोण घेतंय? तोडायची मजुरी आन् गाडीभाडंबी निघत नाय."

गोष्ट खरीच आहे. आंबे बहाराची लिंबे जून ते ऑगस्टमध्ये निघतात आणि नेमके त्याच वेळी हवेत गारवा येऊन सरबताचे गिऱ्हाईक नाहीसे होते. एप्रिल-मेमध्ये एकेक लिंबू मोजून घ्यावे लागते, तर जुलैत पाट्या भरून कोणी फुकट नेत नाही. लिंबाचा बाजार हा असा उलटा. तो सुधारायचा तर हस्त बहार कसा धरावा, हा विषय निराळा आहे.

पण त्याच ओसरीवर बसलो असता आणखी एक गोष्ट दिसली आणि हा लेख खरे तर त्यामुळे लिहितो आहोत. घरातल्या सूनबाईंनी आमच्यासमोर चहा ठेवला आणि स्वतःच्या कपातल्या चहाच्या घोटाबरोबर लोहाची गोळी गिळली. सासूबाई काळजीने म्हणाल्या, "तीन महिनं झालं गोळ्या खातीय, पण अंगात रगतच भरंना." बाहेर दारात लिंबे सडत होती.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे दोघींमागे एकीहून जास्त. आपल्या घरात ऊस आहे, दूध आहे, धान्य आहे, तरीही आपल्या आया-बहिणी यातून सुटलेल्या नाहीत.

आता यात लिंबाचा संबंध काय, ते नीट समजून घ्यावे. बाजरी, पालेभाज्या, मटकी, हरभरा यांत लोह पुष्कळ असते. परंतु वनस्पतीतले हे लोह अशा रूपात असते की आतड्यातून ते थोडेच शोषले जाते, बाकीचे तसेच बाहेर पडते. त्याच घासाबरोबर लिंबासारखे आंबट फळ पोटात गेले तर त्यातील 'क' जीवनसत्त्व आणि आम्ल या लोहाचे रूप बदलतात व ते अधिक प्रमाणात रक्तात जाते. चहाचे काम याच्या बरोबर उलट. चहातील तुरट द्रव्ये लोहाला धरून ठेवतात. आपल्याकडे जेवण झाले की लगेच चहाचे आधण चढते. पाहुण्याला तर जेवता-जेवताच विचारतात. एवढी एक सवय बदलून चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घेतला तरी त्याच भाकरी-भाजीतून अंगाला जास्त लागेल. खर्च काहीच नाही. गोळीबाबतही मुख्य पथ्य हेच आहे. गोळीत लोह भरपूर असते, त्यामुळे लिंबाचा खरा उपयोग गोळीपेक्षा जेवणातल्या लोहाला होतो. पण गोळी पाण्याबरोबर घ्यावी. चहा किंवा दुधाबरोबर कधीही घेऊ नये. आणि लिंबू खातो म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करावी, असा अर्थ कोणी कृपा करून काढू नये.

लिंबाबद्दल एक गैरसमजही दूर करतो. 'क' जीवनसत्त्व म्हटले की सर्वांना लिंबूच आठवते. प्रत्यक्षात १०० ग्रॅम लिंबाच्या रसात ते सुमारे ३० मिलिग्रॅम असते, संत्र्या-मोसंबीत ४० ते ५०, आणि पेरूत २०० हूनही अधिक. शिवाय एका लिंबातून रस निघतो तीन-चार चहाचे चमचे. म्हणजे भाजीवर अर्धे लिंबू पिळून सगळी गरज भागली असे नाही. जेवणात लिंबू, आणि हंगाम असेल तेव्हा जेवणाच्या शेवटी चहाऐवजी एक मोसंबी किंवा संत्रे असावे. एका मध्यम मोसंबीत बाईमाणसाची दिवसाची गरज बहुतेक भागते. मोसंबी आपण आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीतून नेतो आणि घरात धडधाकट माणसाने खाल्ली की उधळपट्टी समजतो, ही आमच्या मते मोठी गंमत आहे.

आता लिंबू वापरायचे कसे, याचा एक जुना धडा सांगतो. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसे दगावत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली ब्रिटिश आरमारातील डॉक्टर जेम्स लिंड यांनी 'सॅलिसबरी' जहाजावर असे १२ आजारी खलाशी निवडले, त्यांच्या दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी, असे. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले, ती सहा दिवसांत उठून बसली. पुढे १७९५ पासून त्या आरमारात लिंबाचा रस नेमाने मिळू लागला व रोग हटला. पण गंमत पुढेच आहे. एकोणिसाव्या शतकात मोठ्या पिवळ्या लिंबाऐवजी आपल्या कागदी लिंबासारख्या लहान लिंबाचा स्वस्त रस देणे सुरू झाले. आधीच त्यात जीवनसत्त्व कमी. त्यात तो साठवून शिळा झालेला आणि तांब्याच्या नळ्या-भांड्यांतून आलेला. १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत रस असूनही स्कर्व्हीने माणसे आजारी पडली. रस होता, पण त्यातला जीव गेला होता. 'क' जीवनसत्त्व उष्णतेने, हवेने आणि तांब्याच्या स्पर्शाने नासते, हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते.

यातून आपल्या चुलीपाशी दोन गोष्टी येतात. पहिली, लिंबू शिजवायचे नाही. भांडे खाली उतरवावे, वाफ जरा निवू द्यावी, मग पिळावे. ताटात पिळले तर सर्वांत उत्तम. कढत्या भाजीत घालून वर पाच मिनिटे शिजवलेले लिंबू गुणाला तर जातेच, शिवाय कडसर लागते. दुसरी, लिंबाचा पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात करू वा ठेवू नये. पिळलेल्या सालीने पितळेचा तांब्या कसा लख्ख निघतो ते आपण रोज पाहतो. वरचा थर लिंबाने खाल्ला म्हणून तो लख्ख झाला. सरबत त्यात ठेवले तर तो थर सरबतात उतरेल. कल्हई असेल तर गोष्ट वेगळी, पण आता कल्हईवाला गावात येतो कुठे? ॲल्युमिनियमच्या डब्यालाही हेच लागू. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी वापरावी.

पालेभाजीपासून सुरुवात करू. मेथी, चवळई, शेवग्याचा पाला, जी असेल ती नेहमीप्रमाणे लसूण-मिरचीच्या फोडणीत परतावी, उतरवावी, आणि वाढताना चौघांच्या भाजीला एक लिंबू पिळावे. आधी घातले तर हिरवा रंग जाऊन भाजी शेवाळ्यासारखी दिसते आणि मुले तोंड फिरवतात. आंबटाने पाल्यातले हरितद्रव्य बदलते, म्हणून असे होते.

मटकीच्या किंवा हरभऱ्याच्या उसळीला तर हा नियम अधिकच पाळावा. कडधान्य अर्धवट शिजले असताना आंबट पडले की ते तिथेच थांबते. मग कितीही शिट्ट्या करा, दाणा काही नरम होत नाही, आणि सुनेने उसळ बिघडवली असे घरात बोलले जाते. दोष सुनेचा नसून वेळेचा असतो. आम्लामुळे दाण्याच्या पेशींना बांधून ठेवणारे द्रव्य घट्ट राहते. टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू, काहीही असो, दाणा बोटाने चिरडला जातो इतका शिजल्यावरच घालावे. मटकीला मोड आणले असतील तर दुहेरी लाभ, कारण मोड आल्याने लोह अडवून धरणारे द्रव्यही कमी होते.

शेतावर न्यायच्या भाकरीबरोबर ठेचा हवाच. आठ-दहा हिरव्या मिरच्या व तितक्याच लसणाच्या पाकळ्या थोड्या तेलावर तव्यात भाजाव्यात, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर ठेचावे. लिंबू घरी पिळू नये. अख्खे लिंबू फडक्यात भाकरीबरोबर बांधावे आणि बांधावर बसल्यावर विळ्याने चिरावे. विळा आधी धुवावा, हे सांगायला नको. बाजरीची भाकरी, हा ठेचा, कच्चा कांदा आणि वर ताजे लिंबू. याहून सोपे आणि याहून पुरे असे दुपारचे जेवण आम्हाला तरी माहीत नाही.

रात्रीचा भात उरला तर सकाळी लिंबूभात करावा. चार माणसांपुरता भात हाताने मोकळा करून घ्यावा. दोन पळ्या तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन-तीन मिरच्या, मूठभर शेंगदाणे आणि शेवटी हळद घालून फोडणी करावी. भात परतून मीठ व अर्धा चमचा साखर घालावी, वाफ आणून गॅस बंद करावा, मग दीड लिंबाचा रस भातावर फिरवून हलक्या हाताने कालवावे. कोथिंबीर असल्यास छान. हा भात मुलांच्या डब्यातही चांगला राहतो. मात्र आदल्या रात्रीचा भात उघड्यावर ठेवलेला नसावा.

मोसंबीची कोशिंबीर ऐकायला विचित्र वाटेल, पण एकदा करून पाहावी. दोन मोसंब्यांच्या फोडींवरचा पांढरा पापुद्रा व बिया काढून तुकडे करावेत, एक काकडी चोचवून घालावी, दोन चमचे दाण्याचे कूट, मीठ आणि जिरे-मिरचीची फोडणी. वाढायच्या वेळीच करावी. मोसंबीचा रस काढून ठेवला की अर्ध्या तासात कडवटतो, हे आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या प्रत्येकाने अनुभवले असेल. फळ चांगले असते. फोड फुटली की तिच्यातील एक द्रव्य आंबट रसात हळूहळू कडू होते, म्हणून रस काढला की लगेच पाजावा, आणि बिया चिरडू देऊ नयेत. त्यापेक्षा चावता येत असेल तर फोडीच द्याव्यात.

आता थोडे साखरेविषयी, कारण लिंबू आणि साखर यांचे नाते सभासदांना आपल्या कारखान्यातच पाहता येते. गुलाबजामच्या किंवा साखरभाताच्या पाकात आपल्या बायका लिंबाचे चार थेंब टाकतात. विचारले तर म्हणतात, "पाक बसू नये म्हणून." बरोबर आहे. आम्ल आणि उष्णता मिळून साखरेच्या कणाचे दोन भाग करतात, एक ग्लुकोज आणि दुसरा फ्रुक्टोज. यांची खडी लवकर होत नाही, म्हणून पाक पातळ व चकचकीत राहतो. घरात हे आपल्याला हवे असते. कारखान्यात मात्र हाच प्रकार म्हणजे नुकसान. ऊसरस मुळातच किंचित आंबट असतो. तो तसाच तापवला तर साखर फुटेल आणि पोत्यात येण्याऐवजी मळीत जाईल. म्हणून रसात चुन्याचे दूध मिसळून आंबटपणा मारतात. तोडलेला ऊस दिवसेंदिवस पडून राहिला की उतारा घसरतो, त्यातही साखर फुटण्याचा मोठा भाग असतो. तेव्हा चिटबॉयने तोड लवकर वाहून न्यायचा तगादा लावला तर त्याच्यावर चिडण्याआधी गुलाबजामचा पाक आठवावा. रसवंतीवर उसाबरोबर लिंबू पिळतात ते चवीसाठी आहेच, शिवाय आंबटामुळे रस लवकर काळा पडत नाही.

राहिला प्रश्न झाडाखालच्या लिंबांचा. जमिनीवर पडून फुटलेली टाकून द्यावीत. झाडावरची पिवळसर, पातळ सालीची तोडावीत. कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवून तळहाताखाली पाटावर फिरवली की रस जास्त निघतो. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी रस गाळून बर्फाच्या साच्यात गोठवावा आणि खडे पिशवीत भरून ठेवावेत. एप्रिलमध्ये लिंबू महाग झाले की एक खडा म्हणजे एक लिंबू. जीवनसत्त्व थोडे घटेल, पण बाजारातल्या वासाच्या पुडीपेक्षा ते कितीतरी बरे.

सरबतासाठी साठवण करायची तर एक वाटी रसाला तीन वाट्या साखर आणि दोन चमचे मीठ हे माप धरावे. कोरड्या काचेच्या बरणीत एकत्र करून रोज कोरड्या लाकडी चमच्याने हलवावे. साखर चार-पाच दिवसांत आपोआप विरघळते, चुलीवर चढवायची गरज नाही. पुढे बरणी फ्रीजमध्ये ठेवावी. ग्लासभर पाण्याला दोन-तीन चमचे पुरतात. साखर कारखान्याच्या अंकात हे लिहायला आम्हाला अवघड जाते, पण ज्यांना मधुमेह आहे त्यांनी या बरणीला हात न लावता मीठ-जिऱ्याचे लिंबूपाणी प्यावे. ज्यांना पोटात अल्सर आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच आंबट वाढवावे.

आणि लोणचे. एक किलो लिंबे (साधारण पंचवीस भरतात) धुऊन, पुसून, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. पावसाळ्यात यातच घाई होते आणि लोणच्याला बुरशी येते. पंख्याखाली एक रात्र ठेवावीत. प्रत्येकाच्या आठ फोडी करून बिया काढाव्यात, कारण बियांनी लोणचे कडू होते. दीडशे ग्रॅम मीठ लावून चिनी मातीच्या बरणीत भरावे, तोंडाला फडके बांधावे आणि आठ-दहा दिवस रोज हलवावे. साल नरम पडून रंग बदलला की पाऊण किलो साखर आणि ५० ग्रॅम लाल तिखट घालावे. उपासाला चालायला हवे असेल तर हिंग-मोहरी टाळून थोडी जिरेपूड घालावी. आणखी पंधरा दिवसांत खार सुटून दाट होतो. यात तेलाचा थेंब नाही, तरी ते वर्षभर टिकते, कारण मीठ, साखर आणि आम्ल तिन्ही राखण करतात. पण चिरलेले आणि मुरलेले हे लिंबू जेवणाची चव वाढवते. जीवनसत्त्वासाठी ताटात ताजी फोड वेगळी हवीच.

लिंबू चिरून हाताला रस लागला असेल तर हात धुऊन मगच उन्हात जावे. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. चेहऱ्याला साल घासणाऱ्या मुलींना हे अवश्य सांगावे.

आषाढात घातलेले लोणचे पोळ्यापर्यंत खाण्याजोगे होते आणि ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या उभारायला येतात तोवर चांगले मुरलेले असते. टोळीतल्या बायका पहाटे चारला उठून भाकरी थापून फडात येतात. बरोबर बहुधा चटणी आणि कोरडी भाजी असते, आणि थकवा घालवायला दिवसभर चहा. ज्या सभासदांच्या बांधावर झाड आहे, त्यांनी आपल्या फडातली तोड चालू असेल तेवढे दिवस पाटीभर लिंबे कोप्यांवर पोचती करावीत, आणि भाकरीवर पिळायची, चहा मागाहून, हे घरातल्या बाईमाणसानेच जाऊन सांगावे. गड्याकरवी निरोप धाडला तर लिंबे तेवढी पोचतात, निरोप वाटेतच राहतो.